कर्ज मिळेल, पण गाळा कुठे? विकास आराखडा आणि आपल्या वस्तीतील उद्योग

वस्तीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत फॅब्रिकेशनचे काम करणारा एखादा तरुण डोळ्यांसमोर आणा. ग्रिल, शटर, लोखंडी जिने अशी कामे तो करतो. हाताखाली दोन पोरे आहेत. एके दिवशी शाळेच्या बाकांचे मोठे काम चालून येते. आणखी एक वेल्डिंग मशीन, चार माणसे आणि माल ठेवायला जागा लागणार असते. तो बँकेत जातो, तेव्हा पहिला प्रश्न त्याच्या कौशल्याचा नसतो. जागा कोणाच्या नावावर आहे आणि तिथे असा व्यवसाय चालतो का, हे विचारले जाते. बहुतेक वेळा गाडी इथेच अडते.

आपल्याकडे उद्योजकतेची चर्चा निघाली की ती योजनांवर येऊन थांबते. 2016 साली सुरू झालेल्या 'स्टँड-अप इंडिया'मध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या आणि महिला उद्योजकांना नवा उद्योग उभारण्यासाठी 10 लाख ते 1 कोटी रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद झाली. एमआयडीसीत राखीव भूखंडांचे धोरण आहे. हे सगळे हवेच. पण वस्तीतला कारागीर थेट एमआयडीसीत जात नाही. त्याचे गिऱ्हाईक, त्याचे कामगार आणि त्याची उधारी जवळच्या चार गल्ल्यांत असते. तिथे त्याला वाढायला जागा आहे की नाही, हे शहराचा विकास आराखडा ठरवतो.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार महापालिका किंवा नगरपालिका हा आराखडा तयार करते. कोणती जमीन निवासी, कोणती वाणिज्य, कोणती औद्योगिक. रस्ता किती रुंद. बाजार, उद्यान, शाळा यांचे आरक्षण कुठे, हे त्यात नकाशावर रंगवलेले असते. कोणत्या विभागात, किती रुंदीच्या रस्त्यावर कोणता व्यवसाय चालेल, हे विकास नियंत्रण नियमावली सांगते. मुंबई शहर व उपनगरांसारखे काही भाग वगळता राज्यात डिसेंबर 2020 पासून एकत्रित नियमावली लागू आहे. निवासी भागात पिठाची गिरणी किंवा शिवणकाम चालू शकते, पण अटींसह. फॅब्रिकेशनसारख्या आवाजाच्या कामाला अडचण येते. आराखडा साधारण 20 वर्षांसाठी असतो. म्हणजे आज विशीत असलेल्या मुलाच्या धंद्याची जागा तो चाळिशीत जाईपर्यंतसाठी ठरून जाते.

आणि तो ठरताना आपण कुठे असतो? आराखड्याची पहिली पायरी म्हणजे विद्यमान भूवापर नकाशा, आज कोणत्या जमिनीवर काय चालते याची नोंद. वस्ती 'झोपडपट्टी' म्हणून एका रंगात दाखवली गेली, तर आतली शिलाई मशीन, भंगाराची गोदामे, पापड-मसाल्याची कामे नकाशावर उरतच नाहीत. जे नकाशावर नाही, त्याच्यासाठी गाळे, मालाच्या टेम्पोचा रस्ता किंवा बाजाराचे आरक्षण मागायचे कशाच्या आधारावर?

त्यानंतर प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत सूचना येते आणि ठराविक मुदतीत हरकती व सूचना मागवल्या जातात. हरकत घेणाऱ्याला नियोजन समितीपुढे सुनावणीत बोलता येते. जयंतीच्या मिरवणुकीची बैठक आपण महिना-दोन महिने आधी लावतो. या मुदतीची बैठक किती विहारांत लागते?

हरकतींनी काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी मुंबईचे उदाहरण पाहावे. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये आला. त्यातल्या चुकांवर नागरिक आणि संघटनांनी एवढ्या हरकती घेतल्या की एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो मागे घेऊन नव्याने करायला सांगावे लागले. सुधारित मसुदा 2016 मध्ये आला आणि मंजुरी 2018 मध्ये मिळाली. सगळ्यांच्या मनासारखे झाले असे नाही, पण नकाशा बदलतो हे सिद्ध झाले.

हरकत मात्र नेमकी हवी. 'आमच्यावर अन्याय झाला' एवढ्याने भागत नाही. सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, नकाशातला प्रस्ताव, तिथे प्रत्यक्षात काय चालते आणि आपल्याला काय हवे, हे लिहावे. सोबत वीज बिल, उद्यम नोंदणी, कर पावती, फोटो जोडावेत. नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला काढता येतो. भाग नकाशाची मोठी प्रत विहारात लावली आणि वस्तीतल्या प्रत्येक धंद्यावर पेनाने खूण केली, तर एका रविवारात अर्धे काम होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1918 मध्ये भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेतीवर अवलंबून असलेली जादा माणसे उद्योगांत सामावल्याशिवाय शेतीचाही प्रश्न सुटणार नाही, असा त्यांचा रोख होता. गाव सोडून शहरात आलेल्या आपल्या कुटुंबांनी तो मार्ग धरला, पण शहरातली उद्योगाची जागा पुष्कळदा त्यांच्या माघारी ठरत गेली.

फेरीवाल्यांसाठी वेगळा दरवाजा आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात, त्यात एक तृतीयांश महिला आणि अनुसूचित जातींना योग्य प्रतिनिधित्व हवे. विक्री क्षेत्रे ठरवण्याच्या प्रक्रियेत या समितीला स्थान आहे. आपल्या शहरात ही समिती आहे का, शेवटचे सर्वेक्षण कधी झाले, हे माहिती अधिकारात विचारता येते.

आराखडा आधीच मंजूर झाला असेल, तरी कलम 37 खाली फेरबदलाचा प्रस्ताव करता येतो. तो महापालिकेने किंवा नगरपालिकेने मांडावा लागतो आणि त्यावरही हरकती मागवल्या जातात. नगरसेवकाला निवेदन द्यायचे असेल, तर त्यात हा कलम क्रमांक आणि आपला भाग नकाशा असावा.