वापरलेली ट्रायथलॉन सायकल घेण्याआधी अंग मोजून घ्या

पावसाळ्यानंतर दोन-तीन घरांतून मला एकच प्रश्न आला. पोरगं पळतं चांगलं, पोहायलाही शिकलं, आता ट्रायथलॉन करायचं म्हणतं. ओळखीतलं कुणीतरी आपली वापरलेली ट्रायथलॉनची सायकल स्वस्तात द्यायला तयार आहे. घ्यावी का? आता 'स्वस्तात' म्हणजे आपल्या घरांत काही महिन्यांची कमाई. सायकल अंगाला बसली नाही तर पैसे जातील आणि गुडघा, मान, पाठही धरेल.

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणं, लगेच सायकल, लगेच पळणं. नवशिक्यांच्या स्प्रिंट अंतरात 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर पळणं असतं. गोव्यात 2019 मध्ये पहिल्यांदा झालेल्या आयर्नमॅन 70.3 मध्ये सायकलच 90 किलोमीटर आहे. म्हणजे तीन-साडेतीन तास एकाच पोझिशनमध्ये. ट्रायथलॉनची फ्रेम त्या एका पोझिशनसाठीच बनवलेली असते.

हँडलवर पुढे दोन दांड्या असतात, त्यांना एअरोबार म्हणतात. मागे कोपर टेकायला छोट्या गाद्या. माणूस त्यावर ओणवा होतो, म्हणजे छातीवर वारा कमी लागतो. 1989 च्या फ्रान्समधल्या टूर शर्यतीत ग्रेग लेमाँड शेवटच्या दिवशी 50 सेकंद मागे होता. असा बार लावून तो धावला आणि शर्यत 8 सेकंदांनी जिंकला. त्यानंतर हे बार जगभर गेले.

पण साध्या सायकलीला नुसते बार लावून खाली वाकलं की मांडी पोटाला लागते, श्वास कोंडतो. म्हणून ट्रायथलॉनच्या फ्रेममध्ये सीटचा पाइप जास्त उभा असतो. साध्या रेसिंग सायकलीत त्याचा कोन 73 अंशांच्या आसपास, यात 76 ते 80. त्यामुळे बसणारा सगळाच पुढे सरकतो, कमरेपाशी जागा मोकळी राहते, वजन कोपरावर येतं. हे जुळलं तर शरीर हाडांवर टेकून राहतं. नाही जुळलं तर तेच वजन मान आणि खांदे ओढत बसतात.

सायकलवाला म्हणेल, "सीट वर-खाली करून देतो, होईल फिट." अर्धं खरं आहे. सीट वर-खाली होते, फ्रेम होत नाही. फ्रेमची दोन मापं बघायची. पायडलं ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून, जिथे हँडल बसतं त्या पुढच्या पाइपच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक. त्याच दोन ठिकाणांमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. दोन कंपन्यांची 'मीडियम' एकसारखी नसते, म्हणून स्टिकरवर जाऊ नका. रीच जास्त असेल तर पोरगं ताणून झोपल्यासारखं दिसेल आणि सीटच्या टोकावर सरकत राहील. स्टॅक कमी असेल तर मान मोडेपर्यंत वर करावी लागेल. गाद्यांखाली चकत्या घालून थोडी उंची मिळते. पण आधीच्या मालकाने चिमट्याचा वरचा पाइप कापून घेतला असेल तर तिथे चकत्यांना वाव राहत नाही. हे पैसे देण्याआधी विचारायचं.

सीटचं माप घरी काढता येतं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांमध्ये जाड पुस्तक वर दाबून धरायचं, पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलची खूण करायची. जमिनीपासूनचं ते माप 0.883 ने गुणायचं. 80 सेंटिमीटर आलं तर साधारण साडेसत्तर. आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर ठेवून सुरुवात करायची. मग बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा. चवडा ठेवला की तोच गुडघा थोडा वाकलेला राहतो. सीट खाली राहिली तर गुडघ्याची वाटी पुढून दुखते. जास्त वर गेली तर गुडघ्यामागची शीर ओढते आणि मागून बघणाऱ्याला कंबर डावी-उजवी डोलताना दिसते.

आता चालवून बघणं. गल्लीत एक चक्कर मारून काही कळत नाही. पहाटे रिकाम्या रस्त्यावर, हेल्मेट घालून, निदान अर्धा तास. कोपर गाद्यांवर टेकल्यावर दंड आणि धड यांच्यात साधारण काटकोन व्हावा. सायकल सरळ जाते की झोकांड्या खाते? त्याच पोझिशनमध्ये पोटातून पूर्ण श्वास घेता येतो का? खांदे कानाला चिकटलेत का? हे दुसऱ्याने बाजूने बघावं, मोबाइलवर शूटिंग करावं. उतरल्यावर लगेच दहा मिनिटं पळून बघायचं. पळताना कंबर आखडली असेल तर ती फ्रेम, निदान त्या बसणीत, त्याची नाही.

आणि लाज सोडून विचारायचा प्रश्न: लघवीच्या जागेजवळ बधिरपणा आला का? पुढे वाकून बसलं की वजन बसायच्या हाडांवरून सुटून तिथल्या मऊ भागावर, नसांवर येतं. वॉर्डात पडून असलेल्या पेशंटची कूस आम्ही दर दोन तासांनी बदलतो, कारण एकाच जागी दाब राहिला की रक्त पोचत नाही. सायकलची सीट याला अपवाद नाही. मुलींना इथे सूज आणि जखमाही होतात, आणि त्या आईलाही सांगत नाहीत. सीटचं नाक किंचित खाली करून, नाहीतर सीटच बदलून बहुतेक वेळा हे थांबतं. बधिरपणा उतरल्यावरही तासन्‌तास राहिला तर सायकल बंद आणि डॉक्टर. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल तर हातावर वजन जास्त येतंय.

फ्रेम कार्बनची असेल तर फडक्याने पुसून उजेडात बघा, नाण्याने हलकेच ठोका. सगळीकडे टणक आवाज हवा. कुठे बद्द वाजलं किंवा रंगात केसासारखी भेग दिसली तर सोडून द्या. लोखंडासारखं नाक्यावर वेल्डिंग करून ती जुळत नाही. सीटचा पाइप वर-खाली होतो का तेही बघा. तो आत चिकटला असेल तर वरची मापं काढून उपयोग नाही.

माझं विचाराल तर पहिल्या दोन-तीन स्पर्धांना ही सायकल नकोच. ऑलिंपिकच्या ट्रायथलॉनमध्येसुद्धा खेळाडू वाकड्या हँडलची रेसिंग सायकलच वापरतात. शिवाय एअरोबारवर हात असताना ब्रेक हाताखाली नसतो, तो बाजूच्या दांड्यावर असतो. रिक्षा आडवी आली की तेवढा क्षण जातो. डिलिव्हरीच्या कामाला किंवा कॉलेजला जायला ही सायकल न्यायची नाही, हे घेण्याआधीच घरात ठरवा.

घेतलीच, तर माप बसल्या दिवशी सीटच्या पाइपला चिकटपट्टीची खूण करून ठेवा. वस्तीत सायकल एकाच्या हातात राहत नाही. धाकटा एक चक्कर मारायला घेऊन जातो आणि सीट खाली करूनच परत आणतो.