काळी केबल जिन्याच्या तळाशीच थांबवा

भिवंडीतल्या कुठल्याही गल्लीत मान वर करून पाहा. खांबावरून इमारतीला, इमारतीवरून शेजारच्या लूमच्या पत्र्याला इंटरनेटच्या काळ्या फायबर केबली लटकलेल्या दिसतात. त्यातलीच एक जिन्यातून वर चढते आणि थेट हॉलमधल्या राउटरला जाऊन मिळते. नेट सुरू होतं, घरचे खूश. मला मात्र ते पाहवत नाही, कारण ती केबल घरात यायला बनवलेलीच नसते.

बाहेरच्या केबलीला ऊन-पाऊस सोसायचा असतो. म्हणून तिचं आवरण पॉलिथिलीनचं, उन्हाने तडकू नये म्हणून त्यात काजळी मिसळलेली. जाड केबलीत पाणी शिरू नये यासाठी जेलीही भरतात. जिन्यातून उभी नेली की ती जेली हळूहळू खाली झिरपते. आग लागली तर पॉलिथिलीन वितळून पेटते थेंब खाली टाकत जळतं. अमेरिकेच्या वीज-नियमांत अशी केबल इमारतीत उघडी 50 फुटांपलीकडे नेता येत नाही. आपणही तळमजल्यावर एक पेटी बसवावी, बाहेरची केबल तिथे संपवावी आणि तिथून पुढे आतली केबल जोडावी.

आतली कोणती? लोक आधी वेग विचारतात. ‘शंभर एमबीला ही चालेल का?’ घरगुती जोडणीत वेगाचा प्रश्न सहसा केबलीपाशी अडत नाही. त्यातला काचेचा धागा 125 मायक्रॉनचा, आणि प्रकाश वाहणारा त्याचा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. एवढ्याशा गाभ्यातून लागेल तेवढा वेग जातो. विचारायचं ते हे, की केबल कुठून जाणार, किती वळणार आणि तिला काय काय लागणार.

वळणाचं आधी सांगतो, कारण सर्वाधिक तक्रारी तिथूनच येतात. प्रकाश काचेच्या आतल्या भिंतीला तिरका आपटत पुढे सरकतो. केबल फार दुमडली की आपटण्याचा कोन बदलतो आणि प्रकाश बाहेर निसटतो. तंत्रज्ञाकडे लाल उजेडाचा पेन असतो, तो एका टोकाला लावायला सांगा. दाराच्या चौकटीत काटकोनात दाबलेल्या जागी पिवळ्या आवरणातूनही लाल ठिपका पेटलेला दिसेल. जी.652.डी या नेहमीच्या काचेला 30 मिलिमीटर त्रिज्येचं, म्हणजे पाण्याच्या पेल्याएवढं वळण लागतं. जी.657.ए2 ला 7.5 मिलिमीटर पुरतात, ती करंगळीभोवती गुंडाळली तरी चालते. तिच्या गाभ्याभोवती प्रकाशाला परत आत ढकलणारं काचेचं एक वेगळं कडं असतं. घरात कोपरे असणारच. तिथे ए2 च घ्या.

जिन्यातल्या उभ्या मार्गाला आवरण महत्त्वाचं. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो. डोळ्यांतल्या आणि घशातल्या ओलाव्यात मिसळून त्याचं आम्ल होतं, आणि माणसाला पायऱ्या दिसायच्या बंद होतात. या गावाला आगी नव्या नाहीत, आणि खाली कारखाना, वर बिऱ्हाडं, बाहेर पडायला एकच जिना अशा इमारती इथे कितीतरी आहेत. केबलीवर एलएसझेडएच ही अक्षरं छापलेली बघा: धूर कमी, हॅलोजन अजिबात नाही. याबाबतीत मी पैशांची घासाघीस करू देत नाही.

ओढण्याची रीत इथल्या कारागिराला सांगावी लागू नये. केबलीच्या आवरणाखाली पिवळ्या सुताची लड असते. ते अ‍ॅरॅमिडचं सूत, केवलरच्या जातीचं. ओढताना दोरी त्या सुताला बांधायची. आवरण धरून ओढलं तर ते लांबतं, आतली काच ताणली जाते आणि महिन्या-दोन महिन्यांनी नेट रडायला लागतं. उभ्या केबलीला दर मजल्यावर आधार द्या, पण क्लिप करकचून आवळू नका.

मानकोली, राहनाळकडच्या गोदामांची गोष्ट निराळी. तांब्याची नेटवर्क केबल 100 मीटरवर थकते आणि लांबलचक गोदामात शेवटचा कॅमेरा त्याच्या पलीकडे असतो. शिवाय तिथे उंदीर. अशा ठिकाणी स्टीलच्या गुंडाळलेल्या नळीतून काच नेणारी आर्मर्ड केबल घ्यावी, आणि त्या स्टीलला अर्थिंग द्यावं.

आता रुई. लूमच्या आसपास हवेत तंतू तरंगत असतात आणि कनेक्टरच्या तोंडावर बसतात. गाभाच 9 मायक्रॉनचा, त्यापुढे धुळीचा एक कण म्हणजे दारात ठेवलेला धोंडा. टोपी काढली की कोरड्या पुसणीने पुसूनच जोडायचं. हिरवा कनेक्टर हिरव्यालाच लावायचा, कारण त्याचं तोंड 8 अंश तिरकं घासलेलं असतं. निळ्यात घुसवला तर दोघांच्या तोंडांमध्ये फट राहते.

काम झाल्यावर तंत्रज्ञाला प्रकाश मोजणारा मीटर लावायला सांगा. उणे 18 ते उणे 22 डीबीएमच्या आसपास आकडा आला तर छान. उणे 27 च्या जवळ असेल तर पुढच्या पावसाळ्यात तुम्हीच त्याला फोन कराल. तो आकडा आणि तारीख पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढे नेट मंदावलं की नवा आकडा त्याच्या शेजारी लिहिता येईल, आणि प्रकाश कमी झालाय की अडचण दुसरीकडे आहे, हे भिंत फोडण्याआधी कळेल.