स्टीफन केशी यांच्याविषयीचे काही रूढ समज

आफ्रिकी राष्ट्रांच्या फुटबॉल संघांना यश मिळते ते युरोपातून आणलेल्या प्रशिक्षकांमुळे, आणि एखादा स्वदेशी प्रशिक्षक यशस्वी झालाच तर तो निव्वळ दैवयोग, असा जो ग्रह त्या खंडात आणि त्याबाहेरही दीर्घकाळ दृढ होऊन बसला होता, त्याचे खंडन नायजेरियाच्या स्टीफन केशी यांच्या कारकिर्दीइतक्या सबळपणे क्वचितच कोणी केले असेल. तथापि त्यांच्याविषयीही अनेक अर्धसत्ये बिनदिक्कत सांगितली जातात.

मायदेशातील कीर्तीच्या बळावर ते थेट युरोपात गेले, हे पहिले अर्धसत्य. वास्तविक 1985 साली राष्ट्रीय संघाच्या शिबिरात उशिरा हजर झाल्याचा ठपका ठेवून तेथील फुटबॉल संघटनेने त्यांना निलंबित केले, म्हणून या बचावपटूला आयव्हरी कोस्टमधील आबिदजानचा आश्रय घ्यावा लागला, आणि तेथून 1986 मध्ये बेल्जियमच्या लोकेरेनचा मार्ग सापडला. पुढे अँडरलेख्टकडून त्यांनी 1988 व 1989 चे बेल्जियन चषक आणि 1991 चे साखळी विजेतेपद मिळवले. त्यांच्यामागून नायजेरियन खेळाडूंची जी रीघ युरोपात लागली, तिचा आरंभ अशा रीतीने एका शिक्षेतून झाला.

2006 च्या विश्वचषकात टोगोच्या संघाचे प्रशिक्षक केशीच होते, असेही अनेकांना वाटते. सेनेगल, झांबिया, माली यांच्यासारख्या प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकून, 2002 च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या सेनेगलची वाट अडवून, त्यांनी त्या चिमुकल्या देशाला इतिहासात प्रथमच विश्वचषकाच्या दारात नेले हे निर्विवाद. परंतु 2006 च्या आरंभी इजिप्तमधील आफ्रिकी चषकात टोगोने तिन्ही सामने गमावताच त्यांना दूर सारण्यात आले, आणि जर्मनीतील विश्वचषकात संघाचे नेतृत्व ऑटो फिस्टर यांच्याकडे गेले. ज्याने पात्रता कमावली त्यालाच मुख्य स्पर्धेपासून वंचित ठेवणारा हा निर्णय मला आजही अन्यायाचा वाटतो.

आफ्रिकी चषक खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणूनही जिंकणारे पहिले गृहस्थ केशी, हा समज तर सर्रास आढळतो. तो मान इजिप्तच्या महमूद अल-गोहारी यांचा. 1959 मध्ये खेळाडू आणि 1998 मध्ये प्रशिक्षक या नात्याने त्यांनी तो मिळवला. केशी दुसरे: 1994 मध्ये ट्युनिशियात कर्णधार म्हणून, आणि 10 फेब्रुवारी 2013 रोजी जोहान्सबर्गमध्ये बुर्किना फासोला 1-0 असे नमवून नायजेरियाचेच प्रशिक्षक म्हणून. त्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल करणारा संडे एम्बा मायदेशातीलच क्लबकडून खेळत होता. परदेशी खेळणाऱ्या नामवंतांवरच विसंबून न राहता देशी साखळीतल्या खेळाडूंना संघात घेण्याचा केशी यांचा आग्रह तेव्हा अनेकांना हट्ट वाटला होता.

विजयाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा जाहीर केला, त्यावरून त्यांना लहरी म्हणणारे पुष्कळ आहेत. आयव्हरी कोस्टविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यापूर्वीच आपल्याला काढण्याचा घाट घातला गेला होता, ही त्यांची तक्रार मात्र या आक्षेपकांच्या विस्मरणात जाते. राजीनामा त्यांनी मागे घेतला. पुढे त्याच वर्षी त्यांचा पगार महिनोन्महिने थकला.

अखेरचा आक्षेप असा की, 2015 च्या आफ्रिकी चषकासाठी गतविजेत्यांना पात्रताही मिळवता आली नाही, म्हणजे आधीचे यश योगायोगाचे होते. अपयश खरे आहे, आणि त्याची जबाबदारी त्यांच्यावर येतेच. परंतु त्या पात्रता फेरीच्या ऐन मध्यावर, ऑक्टोबर 2014 मध्ये, त्यांना बडतर्फ करून लवकरच पुन्हा बहाल करण्यात आले, याचाही जमाखर्च मांडला पाहिजे. आणि त्याच वर्षीच्या ब्राझीलमधील विश्वचषकात बोस्नियाला हरवून, अर्जेंटिनाशी 3-2 अशी झुंज देऊन त्यांनी नायजेरियाला बाद फेरीत नेले होते, जेथवर त्यापूर्वी कोणत्याही आफ्रिकी प्रशिक्षकाने आपला संघ नेलेला नव्हता.