माथेरानची गाडी डोंगर कशी चढते?

छोटी गाडी म्हटली की पुणेकरांना पेशवे पार्कातली फुलराणी आठवते. पण खराखुरा डोंगर चढणारी छोटी गाडीही पुण्याहून लांब नाही. कर्जतला उतरून मुंबईकडची लोकल धरली की नेरळ येतं. तिथून एकमेकांपासून फक्त दोन फुटांवर असलेले रूळ माथेरानला निघतात. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची जिद्द यांतून हा मार्ग १९०७ साली उभा राहिला.

मार्गाची लांबी सुमारे २० किलोमीटर, चढाई साडेसातशे मीटरच्या आसपास. सर्वांत अवघड जागी २० मीटर पुढे जाताना गाडी १ मीटर वर चढते. उटीच्या गाडीला घाटात रुळांमधल्या दातेरी पट्टीचा आधार असतो. इथे तो नाही. लोखंडी रुळावरची लोखंडी चाकाची पकड, एवढंच भांडवल.

मग रूळ इतके अरुंद का? बोगदे आणि मोठे पूल टाळून हा मार्ग डोंगराच्या कडेकडेनं नेला आहे. त्यामुळे वळणं पुष्कळ आणि बोगदा एकच, तोही चिमुकला. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब पडतो, पण आगगाडीची दोन्ही चाकं एकाच आसावर पक्की बसवलेली असल्यानं सारखीच फिरतात. फरक वाढला की चाकं रुळावर घासतात. गाडीचं तोंड पूर्ण उलट फिरवणाऱ्या वळणावर हा फरक ब्रॉडगेजला सव्वापाच मीटर होतो, दोन फुटी मार्गावर दोन मीटरहूनही कमी.

इंजिनासाठीही खास युक्ती होती. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीच्या इथल्या इंजिनांना सहा चाकं होती. पुढचा आणि मागचा आस पोकळ नळीत बसवलेला असे. आतला आस सरळ राहून फिरे आणि चाकं धरणारी नळी वळणाप्रमाणे थोडी कलत असे. त्यामुळे सहाही चाकांना जोर मिळे, तरी इंजिन अडत नसे.

हा जोर वाफेचा. भट्टीतल्या कोळशानं बॉयलरचं पाणी उकळतं, वाफ सिलिंडरमधला दट्ट्या आळीपाळीनं दोन्ही बाजूंनी ढकलते आणि दांडे चाकं फिरवतात. काम झालेली वाफ धुराड्यातून झपाट्यानं निघते. तोच ‘झुकझुक’ आवाज. जाताना ती भट्टीतून हवा ओढते, त्यामुळे चढावर जोर लावावा तशी आग आपोआप फुलते. पाणीही झपाट्यानं संपतं. म्हणून वाटेत एका स्टेशनावर इंजिनं पाणी भरायला थांबत. त्या स्टेशनाचं नावच वॉटर पाइप.

उतरताना काळजी उलट. डब्यांवर ब्रेकवाले उभे असत. ड्रायव्हरच्या शिट्टीचा इशारा मिळाला की ते हातानं ब्रेक आवळत किंवा सैल करत.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला इथली वाफेची इंजिनं थांबली. आता गाडी डिझेलवर धावते. त्या वाफेच्या इंजिनांतलं ७४० क्रमांकाचं इंजिन मात्र इंग्लंडमधल्या लेटन बझर्ड रेल्वेवर दुरुस्त होऊन पुन्हा वाफेवर धावू लागलं. म्हणजे ही यंत्रं अजून जिवंत करता येतात. माथेरानच्या घाटातही वर्षातून काही दिवस तरी वाफेची गाडी धावायला हवी, आणि ती मागणी आपण प्रवाशांनीच लावून धरली पाहिजे.