ख्रिस्ती घटस्फोट व पुनर्विवाह
बायबलमधील घटस्फोटविषयक वचने व त्यांवरून ठरलेला चर्चचा आणि कायद्याचा व्यवहार. मोशेच्या नियमशास्त्रानुसार (अनुवाद २४) पतीला सूटपत्र देऊन पत्नीस सोडता येई. ही सवलत लोकांच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे दिली गेली, असे सांगून येशूने विवाह अभेद्य मानला. मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत यास अपवाद नाही, मत्तयाच्या शुभवर्तमानात (५:३२, १९:९) मात्र जारकर्माचा अपवाद आढळतो. पंथांमधील मतभेदाचे मूळ येथेच आहे. प्रॉटेस्टंट पंथांनी बहुधा हा अपवाद स्वीकारला. रोमन कॅथलिक चर्च घटस्फोटितांचा पुनर्विवाह नाकारते, परंतु मुळातच सदोष असलेला विवाह शून्य ठरविते.

धर्मांतरितांपुढील प्रश्न अधिक बिकट होता. मेळघाटात सेमाडोहच्या परिसरातील कोरकूंमध्ये काडीमोड व पुनर्विवाह रूढीने मान्य आहेत. ख्रिस्ती विवाहात ती मुभा उरत नाही. अविश्वासी जोडीदार सोडून गेल्यास बंधन राहत नाही, असे पौलाने म्हटले होते (१ करिंथ ७:१५). याच धर्तीवर १८६६ च्या कायद्याने, धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने टाकलेल्या व्यक्तीस न्यायालयाची वाट मोकळी केली. मात्र फेरविचारासाठी दावा वर्षभर तहकूब राही. १८६९ च्या भारतीय घटस्फोट अधिनियमानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरे होई; पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीस क्रौर्य, परित्याग यांसारखे कारणही दाखवावे लागे. ही विषमता मत्तयाच्या वचनातून निघत नाही, ती तत्कालीन इंग्रजी कायद्यातून आली. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती घटनाबाह्य ठरविली. २००१ च्या दुरुस्तीने ती देशभर नाहीशी होऊन परस्परसंमतीने घटस्फोटही शक्य झाला.