जकात (स्थानिक कर)

जकात हा शहराच्या हद्दीत उपभोग, वापर किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर तेथील नागरी स्थानिक संस्थेने आकारलेला अप्रत्यक्ष कर होय. महाराष्ट्रात अनेक दशके हा कर नगरपालिका व महानगरपालिकांच्या उत्पन्नाचा कणा होता. नगरपालिका क्षेत्रांतून तो १९९९ मध्ये हटविण्यात आला आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच मुंबईतूनही संपुष्टात आला. कर म्हणून जकात सदोष होती, याविषयी अर्थशास्त्रज्ञांत फारसे दुमत नाही. तिच्या जाण्याने शहरांची आर्थिक स्वायत्तता किती उरली, हा प्रश्न मात्र अद्याप चर्चेत आहे.

शब्द व घटनात्मक आधार

‘जकात’ हा शब्द अरबी ‘झकात’वरून आला आहे. मूळ अर्थ धार्मिक कर्तव्य म्हणून द्यावयाचे दान असा असला, तरी मराठीत तो मालाच्या ये-जा करण्यावरील करासाठी रूढ झाला. भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत नोंद क्रमांक ५२ अन्वये स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना होता व राज्यांनी तो कायद्याने स्थानिक संस्थांकडे सोपविला होता. २०१६ च्या १०१व्या घटनादुरुस्तीने ही नोंदच वगळण्यात आली. परिणामी, आज एखाद्या राज्याने जकात पुन्हा सुरू करावयाचे ठरविले, तरी त्यास घटनात्मक आधार उरलेला नाही.

वसुली

शहरात प्रवेश करणाऱ्या रस्त्यांवर जकात नाके असत. मुंबईत दहिसर, मुलुंड, ऐरोली व मानखुर्द येथील नाके प्रसिद्ध होते. मालाची बिले तपासून, बहुतांश वस्तूंवर किमतीच्या प्रमाणात आकारणी होई व पावती दिली जाई. जो माल केवळ शहरातून पुढे जाणार असे, त्यास ठरावीक मुदतीत हद्द ओलांडण्याच्या अटीवर सूट मिळे. नाके उठून गेले, तरी अनेक शहरांत बसथांब्यांना व चौकांना ‘जकात नाका’ हे नाव अजून चिकटून आहे.

नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत, इंधन व वेळ वाया जाई, बिलांत किंमत कमी दाखविण्याचे प्रकार घडत आणि तपासनीसाच्या मर्जीला अवास्तव महत्त्व येई. तथापि पालिकेच्या तिजोरीच्या दृष्टीने या कराचा एक मोठा गुण होता: पैसा रोज व रोख जमा होई. भाव वाढले की उत्पन्न आपोआप वाढे. त्यासाठी सभागृहात दरवाढीचा ठराव आणून नागरिकांचा रोष पत्करावा लागत नसे.

सैद्धान्तिक विवेचन

रिचर्ड मस्ग्रेव्ह यांनी १९५९ मध्ये सार्वजनिक आयव्ययाची तीन कार्ये मांडली: साधनांचे वाटप, उत्पन्नाचे पुनर्वितरण आणि अर्थव्यवस्थेचे स्थिरीकरण. यांपैकी शेवटची दोन प्रामुख्याने केंद्र सरकारची आणि पहिल्याचा मोठा वाटा स्थानिक शासनाचा, असे सामान्यतः मानले जाते. रस्त्यावरील दिवे, मलनिस्सारण, कचरा उचलणे यांचा लाभ ठरावीक परिसरातच मिळतो. म्हणून त्यांचे प्रमाण त्या परिसराने ठरवावे व खर्चही त्यानेच सोसावा, हे वॉलेस ओट्स यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या विकेंद्रीकरणाच्या सिद्धान्ताचे सार आहे. यास लाभतत्त्वाची जोड दिली, की चांगल्या स्थानिक कराची कसोटी हाती येते: कर भरणारा आणि सेवा घेणारा शक्यतो एकच असावा.

या कसोटीवर जकात उतरत नाही. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात कच्च्या मालावर व सुट्या भागांवर दिलेली जकात तयार वाहनाच्या किमतीत मिसळे आणि ते वाहन देशाच्या दुसऱ्या टोकाला विकत घेणारा ग्राहक ती भरत असे. त्या ग्राहकास पिंपरीचे रस्ते वापरावयास मिळत नसत, ना तेथील नगरसेवक निवडण्याचा अधिकार असे. यास करभाराची निर्यात म्हणतात. शिवाय एका शहरात कर भरलेला माल प्रक्रियेनंतर दुसऱ्या शहरात गेला, की करासह वाढलेल्या किमतीवर पुन्हा कर बसे.

स्थानिक संस्था कर

गुजरातने महानगरपालिकांतील जकात २००७ मध्ये रद्द केली. महाराष्ट्राने मधला मार्ग म्हणून २०१० पासून टप्प्याटप्प्याने ‘स्थानिक संस्था कर’ आणला. त्यात नाके नव्हते. व्यापाऱ्याने आपल्या हिशेबवह्यांनुसार स्वतः कर भरावयाचा होता. पुण्यासह अनेक महानगरपालिकांत तो १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला आणि व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध तीव्र आंदोलन केले. नाक्यावरचा त्रास टळला, पण हिशेब तपासणारी आणखी एक यंत्रणा दारात आली, हा त्यांचा आक्षेप होता व तो अगदीच निराधार नव्हता. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांहून कमी उलाढाल असणाऱ्यांना या करातून वगळण्यात आले.

भरपाई

वस्तू व सेवा कराबरोबर महाराष्ट्राने स्थानिक प्राधिकरणांना भरपाई देणारा स्वतंत्र कायदा २०१७ मध्ये केला. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी चक्रवाढ पद्धतीने ८ टक्के वाढ, असे त्याचे सूत्र आहे. या गतीने १०० रुपयांची भरपाई नऊ वर्षांत जवळपास २०० रुपये होते. सूत्रामुळे निश्चितता आली, ही जमेची बाजू होय. टाळेबंदीसारख्या काळात नाक्यावरचे उत्पन्न आटले असते. सूत्रानुसार देय रक्कम मात्र वाढतच राहते.

दुसरी बाजू अधिक विचार करण्याजोगी आहे. शहर झपाट्याने वाढो वा रेंगाळो, वाढीचा दर तोच; आणि ज्या शहराची २०१६-१७ मधील वसुली दुबळी होती, त्याचा पायाही कायमचा दुबळा. जकात पालिका स्वतः बसवीत असे, भरपाई मात्र राज्याच्या तिजोरीतून यावी लागते. अनुदानावर चालणाऱ्या पालिकेला नागरिक जाब विचारतात, तेव्हा ती राज्याकडे बोट दाखवू शकते. ७४व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय दिले, परंतु त्यांसाठी पालिकांची स्वतंत्र करसूची दिली नाही. कोणते कर सोपवावयाचे, हे अनुच्छेद २४३ भ अन्वये राज्य विधिमंडळच ठरविते.

मालमत्ता कर

लाभतत्त्वास सर्वाधिक जवळचा कर मालमत्ता कर होय. घर हलत नाही आणि परिसर सुधारला की त्याचे मूल्य वाढते. मात्र तो थेट खिशातून जात असल्याने राजकीयदृष्ट्या अप्रिय ठरतो. मुंबईत भाडेनियंत्रण कायद्यामुळे जुन्या इमारतींचे करयोग्य मूल्य दीर्घकाळ गोठून राहिले होते. २०१० पासून तेथे भांडवली मूल्यावर आधारित आकारणी आली, तर २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांचा हा कर माफ करण्यात आला. अशा माफीचा लाभ अल्प उत्पन्न गटाला मिळतो, हे खरे. पण जकात गेल्यानंतर पालिकेच्या हाती उरलेल्या मुख्य कराचा पाया त्यामुळे आणखी अरुंद झाला.