एवढ्याशाने काय होतंय?

सत्यनारायणाचा प्रसाद नाकारायचा नसतो. त्यामुळे पथ्यावर असलेल्या माणसाच्या हातावरही शिऱ्याची मूद पडते, आणि मावशी, काकू किंवा शेजारच्या वहिनी ठरलेलं वाक्य बोलतात, ‘एवढ्याशाने काय होतंय?’ या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. काही आजारांत एवढ्याशाने खरोखरच काही होत नाही. काही आजारांत एवढंसंच पुरतं. आपण मात्र सगळी पथ्यं एकाच तराजूत तोलतो. ज्याला चमचाभरही चालत नाही त्याला आग्रह करतो, आणि ज्याला वाटीभर चाललं असतं त्याला महिनोन् महिने तरसत ठेवतो.

‘पोळी बंद आहे ना, मग शिऱ्याला काय हरकत?’

सीलिअ‍ॅक या आजारात ग्लूटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं प्रथिन, पोटात गेलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे रसांकुर झिजतात, मग खाल्लेलं अंगी लागत नाही, लोह कमी पडतं, मुलांची वाढ खुंटते. उत्तर भारतात शंभरात साधारण एकाला हा आजार आढळतो. दक्षिणेकडे त्याचं प्रमाण कमी आहे. यावर गोळी नाही. गहू, जव आणि राय ही धान्यं जन्मभर वर्ज्य करणं हाच उपचार.

घरात पोळी, पाव आणि बिस्किटं बंद होतात, इथवर सगळ्यांना कळतं. गोंधळ पुढे होतो. रवा म्हणजे गहूच. मैदा, शेवया, लापशी हेही गहूच. कुरडई गव्हाच्या चिकाची. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू टाकायची पद्धत पुष्कळ घरांत आहे. दुधात घालायच्या माल्टवाल्या पावडरीत जव असतो, आणि सोया सॉसमध्ये बहुधा गहू. सगळ्यात फसवा पदार्थ म्हणजे हिंग. डबीत मिळतो तो शुद्ध हिंग नसतो. तीव्र वासाचा तो डिंक पिठात मिसळून विकतात आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं असतं. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो, फक्त डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचावी लागतात.

शिवाय गिरणी. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लूटेन मुळीच नाही. पण जात्यात आधी कुणाचा तरी गहू दळला गेलेला असतो आणि त्याचं पीठ आपल्या ज्वारीत उतरतं. भाकरी खाऊनही रुग्णाचा त्रास का थांबत नाही याचं कारण पुष्कळदा इथे सापडतं. घरगुती आटाचक्की असेल तर उत्तम, पण तीत गहू दळायचा नाही.

आता ‘एवढ्याशाचा’ हिशेब. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सीलिअ‍ॅक असलेल्या प्रौढांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिलं, तेवढ्यानेही आतड्याच्या अस्तराची हानी दिसली. एका मध्यम पोळीत अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असतं. म्हणजे ५० मिलिग्रॅम हा पोळीचा साधारण पन्नासावा भाग. चमचाभर शिऱ्यात याच्या कितीतरी पट ग्लूटेन असतं. म्हणूनच पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ छापायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नको, अशी मर्यादा आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने घातली आहे.

‘मागच्या वेळी खाल्लं तेव्हा काही झालं नाही’ हा पुरावा इथे कुचकामी आहे. अनेकांना पोटदुखी होत नाही, जुलाब होत नाहीत, तरी आत झीज चालू राहते. त्रास झाला तर निदान कळतं तरी. न होणाऱ्यांचीच काळजी जास्त करावी लागते, असं मला वाटतं, कारण त्यांना आग्रह करणाऱ्यांचं म्हणणं पटत जातं.

या पथ्याचा इतिहासही चुकीच्या श्रेयाचा आहे. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी १९२४ साली सीलिअ‍ॅकच्या मुलांना केळ्यांचा आहार द्यायला सुरुवात केली. पाव, बटाटे, धान्यं बंद आणि भरपूर केळी. खंगलेली मुलं सुधारली आणि पुढची कित्येक वर्षं केळ्याला औषधाचा मान मिळाला. ताटातून पाव गेला होता, याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्यामुळे ‘बरं झालं’ म्हणून मुलाला पुन्हा पाव सुरू करण्यात कुणाला धोका दिसत नसे. नेदरलँड्समधले डॉक्टर विलेम-कारेल डिके यांना गव्हाचा संशय १९३० च्या दशकातच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन ताब्यातल्या त्या देशात उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि या मुलांची तब्येत उलट सुधारली. पाव परत आला, दुखणंही परतलं. डिके यांनी १९५० साली प्रबंधात हे मांडलं. दुष्काळात एखादा आजार बरा होतो, हे तोवर कुणाच्या कल्पनेतही नसेल.

आणि गोडाचं काय? इथे मराठी माणसाने तक्रार करू नये. उकडीचे मोदक तांदळाचे, अनारसे तांदळाचे, नारळाच्या वड्या, दाण्याचे आणि राजगिऱ्याचे लाडू, श्रीखंड, खात्रीच्या डाळीचं पीठ असेल तर बेसनाचे लाडू. गोव्यात बेबिंका मैद्यामुळे बाद, पण तांदळाचं पीठ, गूळ आणि नारळाचा रस यांचा दोदोल चालतो. उपवासाचा तर अख्खा फराळ चालतो: साबुदाणा, वरई, शिंगाडा. प्रश्न येतो पुरणपोळी, करंजी आणि त्या शिऱ्याचा. शिरा तांदळाच्या रव्याचा करता येतो, आणि देवाला तो चालत नाही असं कुठल्या पोथीत लिहिल्याचं ऐकलेलं नाही.

‘पथ्य जितकं कडक, तितका गुण लवकर’

आता अगदी उलट प्रकृतीचं पथ्य पाहू. पोट सतत फुगणं, कळ येणं, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब, आणि तपासण्यांत आतड्याला कसलीच इजा नाही. याला आयबीएस म्हणतात. अशा रुग्णांसाठी मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ पासून लो-फॉडमॅप आहार विकसित केला. आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या आणि जिवाणूंकडून आंबवल्या जाणाऱ्या काही शर्करा त्यात कमी करतात. कांदा, लसूण, गहू, दूध, बहुतेक डाळी-कडधान्यं, आंबा, मध यांवर बंदी येते. मराठी स्वयंपाकघरात ही यादी वाचून दाखवली तर ‘मग उरलं काय?’ हाच प्रश्न येणार.

पण या यादीखाली एक ओळ असते आणि नेमकी तीच वाचायची राहते. कडक बंदी दोन ते सहा आठवड्यांचीच असते. मग एकेक गट, थोड्या मात्रेपासून, मुद्दाम खाऊन बघायचा: आज पाव कप दूध, उद्या थोडं जास्त. ज्याने त्रास होतो तेवढंच टाळायचं, बाकी ताटात परत आणायचं. प्रत्यक्षात मात्र पहिल्या महिन्यात बरं वाटतं म्हणून माणसं वर्षभर तिथेच थांबतात. त्याने फायदा वाढत नाही. आतड्यातल्या उपयोगी बायफिडो जिवाणूंचं प्रमाण घटतं, कॅल्शियम आणि तंतुमय पदार्थ कमी पडतात, आणि समारंभात जेवायची धास्ती बसते.

इथे ‘एवढ्याशाने’ खरोखर विशेष काही होत नाही. चुकून अर्धी वाटी कांद्याची भाजी खाल्ली तर संध्याकाळ गुबारा धरून जाईल, पण आतड्याला इजा होणार नाही. मात्रेवर सगळं अवलंबून असतं. आणि तल्लफ भागवायच्या वाटाही आहेत. लसणातल्या त्रासदायक शर्करा तेलात विरघळत नाहीत. तेव्हा पाकळ्या तेलात परतून काढून टाकायच्या आणि त्या तेलात फोडणी करायची, वास आणि चव दोन्ही मिळतात. कांद्याची हिरवी पात चालते, खालचा पांढरा भाग नको. साधी साखर चालते, मध मात्र नाही, हे ऐकून ‘नैसर्गिक’ खाणारे फार दुखावतात. हिंग कांदा-लसणाची उणीव भरून काढतो. सीलिअ‍ॅकवाल्याने ज्याची डबी उलटी करून बघायची, तोच हिंग इथे निमूट वापरायचा.

‘खावंसं वाटतंय, म्हणजे शरीरच मागतंय’

हा समज मोठा लोभस आहे. चॉकलेट हवंसं वाटलं म्हणजे मॅग्नेशियम कमी आहे, असं सांगणारे भेटतात. मग त्याहून जास्त मॅग्नेशियम असलेल्या भोपळ्याच्या बियांची तल्लफ कुणालाच कशी येत नाही? जे लहानपणापासून आनंदाशी, सणाशी, बक्षिसाशी जोडलेलं असतं, त्याचीच ओढ लागते. एक अपवाद मात्र खरा आहे आणि तो दुर्लक्षित राहतो. माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर रक्तातलं लोह तपासून घ्यावं. गरोदर बाईला भाजलेल्या मातीचे डोहाळे लागले की घरात कौतुक होतं. व्हायला हवी ती हिमोग्लोबिनची तपासणी.

याची दुसरी बाजू म्हणजे ‘मन खंबीर नाही’ हा आरोप. नेदरलँड्स उपाशी होतं त्याच हिवाळ्यात अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग चालवला होता. हे सगळे युद्धात लढायला तत्त्व म्हणून नकार देणारे, म्हणजे निश्चयाचे पक्के. २४ आठवडे त्यांना गरजेच्या जवळपास निम्मंच अन्न दिलं. त्यांच्या बोलण्यात, स्वप्नांत अन्नाशिवाय काही उरलं नाही. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. पोट भरत नसेल तर डोक्यात खाणंच घोळणार, त्याला चारित्र्याचा दोष म्हणता येत नाही.

म्हणून पथ्यावर असताना संध्याकाळी सहाला फरसाणाचा डबा हाका मारू लागला, तर आधी दुपारचं जेवण पाहावं. अनेक जण गहू सोडतात आणि त्याजागी काहीच घेत नाहीत: दोन पोळ्यांची एक भाकरी होते, डाळ कमी, तेल कमी, मग भूक ‘तल्लफ’ या नावाने येते. पोटभर जेवण, त्यात प्रथिनं, आणि दिवसातून एकदा पथ्यातलाच आवडीचा पदार्थ ठरलेल्या वेळी, एवढ्याने बराच गोंधळ मिटतो. लपून खाल्लेला घास मात्र सहसा एकच राहत नाही.

जीभ बदलते, हेही खरं. मीठ कमी केल्यावर पहिले काही दिवस सगळं पाणचट लागतं. काही आठवड्यांनी जुनं खारटपण नकोसं वाटू लागतं. इथे मात्र एक सावधगिरी हवी. रक्तदाबासाठी मीठ कमी करायचं म्हणून सैंधव घेतात, पण सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते थेट धोक्याचं ठरू शकतं. मधुमेहात गूळ आणि मध हे साखरेचेच भाऊ. शुगर-फ्री मिठाईत सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल असेल तर जास्त खाल्ल्यावर पोट बिघडतं, आणि आयबीएसवाल्याला थोडीही पुरते.

‘कावीळ झाली, हळद बंद’

हे थोडक्यात आटोपतं. डोळे पिवळे होतात ते रक्तात साठलेल्या बिलिरुबिनमुळे. आमटीतल्या हळदीचा त्याच्याशी संबंध नाही. विषाणूजन्य काविळीत आठवडेच्या आठवडे बिनतेलाचं, बिनहळदीचं, नुसतं उकडलेलं खाल्ल्याने यकृत लवकर बरं होतं याला आधार नाही. आधीच मळमळणारा रुग्ण त्या बेचव जेवणाने आणखी कमी खातो. दारू मात्र पूर्ण बंद. काही औषधंही यकृताला जड जातात, तेव्हा ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि ‘औषध’ म्हणून गाडीवरचा बर्फ घातलेला उसाचा रस पाजतात, त्या बर्फाचं पाणी दूषित असेल तर हिपॅटायटिस ए आणि ई पसरवणारा मार्गच तो.

‘आधी गहू सोडून बघू, मग तपासणी’

हा सल्ला आजकाल फार दिला जातो आणि तो निदानच बुडवतो. सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी शरीराने ग्लूटेनविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. गहू सोडला की ती हळूहळू घटतात, अस्तर भरून येऊ लागतं, आणि अहवाल ‘आजार नाही’ असा येऊ शकतो. मग माणूस कधी पाळतो, कधी सोडतो, घरचे ‘तुला काही नाहीये’ म्हणतात, आणि मुलाबाळांचीही तपासणी राहून जाते. ती व्हायला हवी, कारण हा आजार घराण्यात आढळतो. तेव्हा शंका असेल तर रक्त देईपर्यंत नेहमीसारखी पोळी खात राहायचं. आधीच सोडून बसलेल्यांना डॉक्टर काही आठवडे रोज पुन्हा गहू खायला सांगतात, आणि सोडल्यावर बरं वाटलेल्यांपैकी काहींना ती पोळी अक्षरशः सोसत नाही.